धावपट्टीवरच्या घारी

विमानतळावर नोकरीला आहे असं सांगितलं की समोरचा माणूस मला एकदा नीट न्याहाळतो. पायात मातीनं माखलेले बूट, डोक्याला टोपी, उन्हानं रापलेला चेहरा. मग हळूच विचारतो, तिथं नेमकं काय करता? मी सांगते, पक्षी हाकलते. बहुतेकांना ती थट्टा वाटते. वडगावात माझ्या सासरी मागच्या खोलीत माग चालतात आणि गल्लीतल्या सगळ्यांना सगळ्यांचं काम माहीत असतं. तरी सासूबाई सुरुवातीला माझ्याबद्दल 'हापिसात हाय' एवढंच सांगायच्या. हल्ली त्या स्वतःच समजावून सांगतात की पक्षी इंजिनात गेला तर काय होतं, आणि माझ्यापेक्षा जरा जास्तच भीती घालतात.

काम साधं आहे, पण त्यात खंड नाही. सकाळचं पहिलं विमान यायच्या आधी जीपमधून धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. गवत वाढलंय का, टिटवीनं कुठं अंडी घातलीत का, पावसानं गांडुळं वर आलीत का, ते बघायचं. जिथं खाणं तिथं पक्षी. ते खाणं हटवलं की निम्मं काम होतं, उरलेलं फटाक्यांनी आणि हॉर्ननं करायचं. मी शहरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले. वर्गात घारीची चोच आणि पंजे फळ्यावर काढले होते, तेव्हा याच घारीवर आपलं पोट चालेल असं वाटलं नव्हतं.

पण या धावपट्टीशी माझी ओळख नोकरीच्या आधीची. माझ्या माहेरचं गाव विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. धावपट्टी लांबवायचं ठरलं तेव्हा गावातल्या काही घरांची शेती गेली, त्यात आमचीही गेली. माझे वडील मी शाळेत असतानाच वारले होते. त्यांचा आणि आपला असे दोन्ही वाटे त्यांचे थोरले भाऊ कसायचे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. ज्वारी, हरभरा आणि पावसाळ्यात बटाटा. त्याच रानावर त्यांनी मला शिकवलं, आणि रान गेल्यावरही शिक्षण थांबू दिलं नाही. मिळालेल्या पैशातून त्यांनी गावाच्या फाट्यावर चिकनचं दुकान घातलं. पन्नाशी ओलांडल्यावर माणूस कोंबडी सोलायला शिकला.

मला इथं नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, नोकरी कायमची आहे ना. त्यानंतर कुंपणाच्या आत काय चालतं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही. दुकानावरून विमान गेलं की गिऱ्हाईक मान वर करायचं. आप्पांची सुरी चालूच असायची.

आमच्याकडे श्रावण आणि गणपती संपले की चिकन-मटणाच्या दुकानांना उधाण येतं. महिना-दीड महिना दाबून धरलेली भूक एकदम सुटते. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवसांत धावपट्टीच्या गावाकडच्या टोकावर घारी वाढायला लागल्या. पाच-सहा असायच्या, त्या मोजता येईनात इतक्या झाल्या. फटाके वाजवले की उठायच्या, एक फेरी मारायच्या आणि परत यायच्या. मी आणि माझा ड्रायव्हर जीपचा हॉर्न वाजवून वाजवून बहिरे व्हायची वेळ आली.

अशात एका सकाळी मुंबईचं विमान उतरायला आलं. मी धावपट्टीच्या बाहेर गवताशी उभी होते. विमान इतकं खाली आलं की चाकं स्पष्ट दिसत होती. त्याच क्षणी दोन घारी गवतातून उठून त्याच्या वाटेवर गेल्या. वैमानिकानं विमान टेकवलं नाही. इंजिनांचा आवाज एकदम वाढला, आणि विमान माझ्या डोक्यावरून पुन्हा आभाळात गेलं. वैमानिकांना हे शिकवलेलंच असतं आणि यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मला पाठ होतं. तरी मी आभाळात ते विमान शोधत राहिले. फेरी मारून ते व्यवस्थित उतरलं. प्रवासी शिडीवरून खाली येताना मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. निपाणीकडची एक आजी लेकाला सांगत होती की बघ, तिकीट एकदाचं आणि फिरवलं दोनदा. सगळे हसले. मीही हसले, पण त्या आजीच्या कडेवरची नात मला दिसत होती.

आमचे साहेब केरळचे. माणूस शांत, कामाला पक्का. त्यांनी मला बोलावून सांगितलं की घारी येतात कुठून ते आधी शोधा. त्या दुपारी मी स्कूटर घेऊन कुंपणाच्या बाहेरून निघाले. घारी जिथं खाली उतरत होत्या तिकडं जात राहिले, आणि गावामागच्या नाल्याशी पोचले. वासानंच कळलं. कोंबड्यांची आतडी, पिसं, पाय भरलेली पोती नाल्यात टाकलेली होती. काही कुत्र्यांनी फाडली होती. वर घारींची जत्रा. गावात अशी चार दुकानं आहेत, पण बरीचशी पोती निळी होती, आणि ती निळी पोती कुणाच्या दुकानातली ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेबांना मी खरं ते सांगितलं, दुकान माझ्या काकांचं आहे हेही सांगितलं. ते म्हणाले की पंचायतीमार्फत नोटीस काढू, तुमच्यावर काही येणार नाही. मी थोडे दिवस मागून घेतले आणि थेट फाट्यावर गेले.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी बाजूला थांबायला हवं होतं, पण डोक्यात ते वर उडालेलं विमान होतं. मी म्हटलं की आप्पा, नाल्यातली पोती आपली आहेत. आप्पांनी मान वर केली नाही. नाल्यात सगळा गावच टाकतो म्हणाले. मी घारींचं सांगितलं, विमानाचं सांगितलं. गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती. आप्पांनी सुरी धुतली, फडक्याला पुसली आणि मग बोलले.

"रान न्हेलं तवा कागुद आलता. आता घारी आल्या म्हनून दुसरा कागुद येनार. एकदा तरी मानूस येऊ दे की गं."

"मी आलेय की, आप्पा."

"तू घरची हायस. तू त्यांच्याकडनं येऊ नगंस."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला किती पाहिजे ते विचारलं. मी स्कूटर काढली. वाटेत राग आला, वाईटही वाटलं, आणि घरी पोचेपर्यंत एक गोष्ट लक्षात आली की आप्पा नाही म्हणाले नव्हते. काय हवं ते त्यांनी सरळ सांगितलं होतं.

आईला फोन केला तर तिला सगळं आधीच कळलेलं. दुकानातलं बोलणं गावात पोचायला कितीसा वेळ लागतो. ती माझ्यावरच चिडली. गिऱ्हाइकापुढं असलं कुणी बोलतं का, घरी यायचं, जेवायचं, मग विषय काढायचा, असं तिचं म्हणणं. मी ऐकून घेतलं, कारण ती बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की नोटीस नको, तुम्ही माझ्याबरोबर चला. त्यांना ते पटायला वेळ लागला. असं घरोघर जायची पद्धत नाही, उद्या दुसरा कुणी म्हणेल माझ्याकडेही या, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, म्हणू दे, त्याच्याकडेही जाऊ. त्यांनी टेबलावरची डायरी उघडली. मग विचारलं की काका घरी कधी भेटतात. सोमवारी दुकान बंद असतं, सोमवार ठरला.

आप्पांनी त्या दिवशी स्वच्छ धोतर नेसलं होतं आणि सोप्यात सतरंजी टाकली होती. म्हणजे आईनं निरोप पोचवला होता. साहेबांना मराठी येत नाही, आमच्या सीमाभागात चालणारी कन्नडही जुजबी. आप्पांचं हिंदी बाजारापुरतं. त्यामुळं मध्ये मी बसले. साहेबांनी पहिल्यांदा विमानाचं काहीच काढलं नाही. रानात काय पिकत होतं ते विचारलं. आप्पा आधी दोन शब्दांत सांगायला लागले, मग हरभऱ्यावर आले आणि थांबेनात. कुठल्या बाजूला काळी होती, कुठं मुरमाड होती, विहिरीला पाणी कुठवर असायचं. साहेब मध्ये मध्ये विचारत होते. चहा झाला. मग साहेब म्हणाले की घारींमुळं काय होतं ते मी बोलून पटवू शकणार नाही, तुम्ही आत येऊन स्वतः बघा.

आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "माज्याच रानात जायाला मला पास लागंल, व्हय?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. जरा मऊ करून सांगावं असं मनात आलं होतं, पण केलं नाही. साहेबांनी तितकंच सरळ उत्तर दिलं की हो, पास लागेल, पण पास घेऊन मी स्वतः गेटवर उभा राहीन. आप्पांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

ठरलेल्या सकाळी साहेबांनी बोलावलेले बाकीच्या तीन दुकानांचे मालक आणि पंचायतीतल्या दोन बाया आधी आल्या. आप्पा नव्हते. साहेब गेटवर उभेच होते. मी पुन्हा पुन्हा फाट्याकडं बघत होते. सगळे आत जायला निघाले तेव्हा आप्पा रस्त्यानं चालत येताना दिसले, डोक्याला टोपी, अंगात लग्नाकार्यात घालतात तो कोट. साहेबांनी पुढं होऊन पास त्यांच्या गळ्यात घातला.

अग्निशमनच्या शेडपासून आम्ही जीपनं धावपट्टीच्या कडेनं गेलो. विमानाला अजून वेळ होता. गावाकडच्या टोकाला आल्यावर आप्पांनी थांबायला सांगितलं. खाली उतरून त्यांनी देवळाचं शिखर शोधलं, त्याच्या रेघेत पाण्याची टाकी धरली, आणि थोडं डावीकडं सरकून उभे राहिले. "हितं आपली हीर हुती," ते म्हणाले. तिथं आता गुडघ्याएवढं गवत होतं आणि धावपट्टीचा एक दिवा होता. मला वाटलं ते रडतील. वडिलांनी मला त्याच विहिरीत पोहायला शिकवलं होतं. आप्पांनी गवताचा एक झुबका उपटून मुळं बघितली आणि म्हणाले की माती अजून चांगली आहे, हरभरा झक्क आला असता. मग गवत एवढं का वाढू दिलंय, असं मला दरडावून विचारलं. गवत फार कापलं तरी पक्षी येतात आणि फार वाढलं तरी येतात, म्हणून ते मापात ठेवावं लागतं, हे मी समजावलं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्या कामाबद्दल ऐकत होते.

तेवढ्यात बेंगळूरचं विमान येत असल्याचं कळलं आणि आम्हाला मागं घेतलं. गावाच्या बाजूनं ते खाली यायला लागलं. नाल्यावर घारी घिरट्या घालतच होत्या. आमच्या दुसऱ्या जीपनं फटाके वाजवले, बऱ्याच उडाल्या, पण एक घार आडवी धावपट्टीवर गेली. विमान आणि ती एका रेषेत आली असं आम्हाला खालून दिसलं. आप्पांनी माझं मनगट धरलं. घार निसटली, विमान टेकलं, चाकांखालून धूर उडाला आणि ते पुढं धावत गेलं. आप्पांनी मनगट सोडलं नव्हतं.

"चालवनाऱ्याला घार दिसतीया, व्हय?"

"दिसते. पण तेव्हा वळायला जागा नसते."

आमच्याकडं प्रवासी अजून शिडीवरून उतरून चालत इमारतीत येतात. आम्ही लांबून बघत होतो. कॅम्पातलं एक लष्करी कुटुंब, बॅगा ओढणारी कॉलेजची पोरं, चिकोडीकडचे वाटणारे टोपीवाले दोन शेतकरी, डोक्याला पट्टी बांधलेला एक माणूस आणि त्याला धरून चालणारी त्याची बायको. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. आप्पा म्हणाले, यष्टीतनं उतरल्यागत उतरत्यात की. त्यांच्या मनात विमानातली माणसं कुणी वेगळीच असावीत. मग शेवटचा माणूस आत जाईपर्यंत ते बघत राहिले.

गेटवर पास काढून साहेबांच्या हातात देताना त्यांनी माझ्यामार्फत सांगितलं की घट उठायच्या आत चारी दुकानांची घाण पुरायला खड्डा होईल. बाकीच्या तिघांना त्यांनी विचारलंही नाही. तिघांनीही माना डोलावल्या.

नवरात्रात आमच्याकडं अशी दुकानं थंडच असतात. त्याच दिवसांत काम झालं. गावाच्या पलीकडच्या अंगाला, विमानतळापासून लांब, आप्पांचा उसाचा एक तुकडा राहिला आहे. त्याच्या बांधाला मोठा खड्डा घेतला, आतून बांधून काढला, वर काँक्रीटचं झाकण घातलं. टाकलं की वर चुना आणि शेण, आणि झाकण बंद. पुढं त्याचं खत होईल. साहेब जेसीबी पाठवतो म्हणाले होते. आप्पांनी नको म्हणून सांगितलं. नाला मात्र आमची माणसं आणि पंचायत मिळून साफ केला. बचत गटातल्या बायांबरोबर माझी आईही नाकाला पदर बांधून आली होती. मी तिला बस म्हटलं तर म्हणाली की तू रोज करतीस, मी एक दिवस केलं तर मरत नाही.

खरी परीक्षा दसऱ्यानंतर होती. घट उठले की दुकानांवर पुन्हा गर्दी होते. पहिल्या रविवारनंतरच्या सकाळी मी जीप गावाकडच्या टोकाला नेऊन उभी केली. ऊन चढलं तशा घारी आल्या. नाल्यावर घिरट्या घातल्या, दोन-तीन खाली उतरल्या, इकडं तिकडं बघितलं आणि पुन्हा वर गेल्या. बराच वेळ त्या तशाच फिरत राहिल्या. त्यांची सवय एका दिवसात मोडणार नव्हती. पण दिवसामागून दिवस त्या कमी होत गेल्या.

मध्येच एकदा नाल्यात पुन्हा एक पोतं दिसलं. मी साहेबांना सांगायच्या आधी आप्पांना कळवलं. त्यांनी काय केलं ते मला आईकडून समजलं. ते पोतं त्यांनी आपल्या गाडीवर घातलं, ज्याचं होतं त्याच्या दुकानाच्या पायरीवर आणून ठेवलं आणि शेजारी स्टूल टाकून बसले. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकं यायची, वासानं परत जायची. शेवटी त्या माणसानं पोतं उचलून खड्ड्यावर नेलं. आप्पा त्याच्याबरोबर गेले आणि झाकण उचलायला हात लावला.

घारी साफ गेल्या असं मी म्हणणार नाही. घारी असायच्याच, आणि त्या आहेत म्हणून माझी नोकरी आहे. पण त्या हंगामात गावाकडच्या टोकावर पुन्हा एकाही विमानाला परत वर जावं लागलं नाही. आप्पा आणि माझ्यात मात्र बोलायला विषय झाला. हल्ली ते दुकानातून फोन करतात की आज देवळाच्या बाजूला बगळे बसलेत, बघ जाऊन. मी जाते. कधी त्यांचं बरोबर असतं, कधी नुसत्या गाईंमागं फिरणारे बगळे असतात. पण जाते.

गेल्या हिवाळ्यात विमानतळाच्या दुसऱ्या अंगाच्या गावातून तशीच तक्रार आली. तिथं मटणाची दुकानं आहेत आणि वस्ती बहुतेक कन्नड बोलणारी. साहेब म्हणाले की तुम्हीच जा. मी आप्पांना विचारलं, येता का. ते कोट घालून आले. मला वाटलं होतं की मी बोलेन आणि ते बसतील. झालं उलटं. तिथल्या थोरल्या दुकानदाराशी त्यांची बाजारातली ओळख निघाली, आणि दोघं कन्नडमध्ये असे रंगले की मला मध्ये शब्द घालायला जागा मिळेना. आप्पांनी आपल्या रानाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, घार आडवी आली ते हातवारे करून दाखवलं. दुकानदार आधी हसत होता, मग हसायचा थांबला. तरी त्याला पूर्ण पटलं नव्हतं. विमानवाल्यांचं विमानवाल्यांनी बघावं, असं काहीसं तो म्हणाला.

"बंदु नोडरी," आप्पा म्हणाले. येऊन बघा. "पास ही माजी पोरगी काढंल."

दुकानदारानं मला विचारलं की बायकोला आणलं तर चालेल का, लेक बेंगळूरला असते, पण विमान कसं असतं ते तिच्या आईनं जवळून बघितलेलं नाही. मी म्हटलं, जरूर आणा, मी गेटवर असेन. दुपारचं हैदराबादचं विमान यायची वेळ होत आली होती, म्हणून मी निघाले. आप्पा चहासाठी तिथंच थांबले.